परदेशात शिक्षण झालेल्या परिचारिकेने एनक्लेक्स-आरएनसाठी (अमेरिकेतील परिचारिकांच्या परवान्याच्या परीक्षेसाठी) कोणत्या राज्यातून आणि कोणत्या क्रमाने अर्ज करावा?

प्रश्न – अतिदक्षता

नमस्कार. माझे शिक्षण भारतात झाले आहे. चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून मी राज्य परिचर्या परिषदेकडे आरएन (नोंदणीकृत परिचारिका) आणि आरएम (नोंदणीकृत सुईण) अशी नोंदणी केली, त्यानंतर अतिदक्षता विभागात काम केले आणि मधली काही वर्षे आखाती देशातील एका रुग्णालयात नोकरीही केली. पती एच-१बी, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर असल्यामुळे सध्या मी एच-४, म्हणजे जोडीदाराच्या, व्हिसावर अमेरिकेत टेक्सासमध्ये राहते. काम करण्याची परवानगी, म्हणजे ईएडी, मला अद्याप मिळालेली नाही आणि त्यामुळे सोशल सिक्युरिटी क्रमांकही (अमेरिकन सरकार देते तो ओळख क्रमांक) नाही. परवानगी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा परीक्षा देऊन ठेवावी, असे मनात आहे.

अडचण अशी की, अभ्यासाविषयी हवी तेवढी माहिती मिळते, पण अर्जाविषयी प्रत्येक जण वेगळेच सांगतो. एका मैत्रिणीने न्यूयॉर्कमधून अर्ज केला होता आणि तिच्या मते सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना तोच एक मार्ग आहे. दुसरीचे म्हणणे असे की, जिथे राहतेस तिथूनच कर. कोणी सीजीएफएनएसचा अहवाल आधी घ्यायला सांगते, कोणी व्हिसास्क्रीन. ही दोन्ही एकच आहेत की वेगळी, हेही मला नीट उमगलेले नाही. त्यातच माझी पदवी आणि परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट मात्र लग्नानंतरच्या नावाने आहे.

एका सल्लागार संस्थेने सगळे काम करून देण्याची तयारी दाखवली आहे. मात्र सर्व खाती त्यांना स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून उघडायची आहेत आणि मूळ प्रमाणपत्रेही त्यांच्याकडे ठेवायची आहेत. हे योग्य आहे का? आणि परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीचे २०० डॉलर आत्ताच भरून नाव नोंदवून ठेवले, तर काही बिघडेल का? ज्यांनी हे सर्व पार केले आहे, त्यांनी सविस्तर सांगितल्यास मी आभारी राहीन.


उत्तर – रातपाळी

ताई, तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तुम्ही कोणते राज्य निवडता यावर अवलंबून आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. एनक्लेक्स सर्व राज्यांत एकच आहे. ती एनसीएसबीएन, म्हणजे राज्यांच्या नर्सिंग बोर्डांची राष्ट्रीय परिषद, तयार करते आणि पिअर्सन व्ह्यू आपल्या केंद्रांवर घेते. परंतु तुम्ही परीक्षेला बसण्यास पात्र आहात की नाही, हे या दोघांपैकी कोणीही ठरवत नाही. ते ठरवते राज्याचे बोर्ड, आणि प्रत्येक बोर्डाचा कायदा, अर्ज, शुल्क व कागदपत्रांची यादी वेगळी असते. त्यामुळे तुमच्या दोन्ही मैत्रिणी आपापल्या राज्यापुरते खरेच सांगत असतील, पण त्यांचे खरे तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

क्रम साधारणपणे असा असतो. आधी राज्य निवडायचे आणि त्या बोर्डाला मान्य असलेल्या संस्थेकडून आपल्या शिक्षणाचे मूल्यमापन करून घ्यायचे. बोर्डाकडे परीक्षेद्वारे परवान्याचा अर्ज करायचा आणि पिअर्सन व्ह्यूकडे नोंदणी करायची. बोर्डाने पात्र ठरवले की ईमेलवर एटीटी, म्हणजे परीक्षेला बसण्याचे अधिकारपत्र, येते आणि त्यानंतरच केंद्र व तारीख निवडता येते. परीक्षा अमेरिकेतच द्यावी लागते असे नाही. भारतासह इतर देशांतही केंद्रे आहेत, मात्र तिथे बसायचे असल्यास २०० डॉलरशिवाय आणखी १५० डॉलर आणि लागू असेल तो कर भरावा लागतो. तुम्ही अमेरिकेत असल्यामुळे हा खर्च वाचेल.

आता सीजीएफएनएस आणि व्हिसास्क्रीन. सीजीएफएनएस ही १९७७ साली स्थापन झालेली, परदेशी परिचारिकांच्या शिक्षणाची पडताळणी करणारी फिलाडेल्फियातील संस्था आहे. २०२५ पासून तिने ट्रूमेरिट हे नाव घेतले असले, तरी बोलताना सगळे अजून जुनेच नाव वापरतात, त्यामुळे संकेतस्थळावर नवे नाव दिसल्यास बिचकू नका. ही एकच संस्था निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या सेवा देते. राज्याच्या बोर्डाला तुमचे शिक्षण समजावून सांगणारा अहवाल म्हणजे सीईएस. तो परवान्यासाठी असतो. व्हिसास्क्रीन ही १९९६ च्या स्थलांतरविषयक कायद्यातील कलम ३४३ मुळे आलेली अट असून ती व्हिसासाठी असते. परिचारिका म्हणून काम करण्यासाठी जी व्यक्ती एच-१बी किंवा ग्रीन कार्ड घेते, तिला ते प्रमाणपत्र दाखवावे लागते. पतीवर अवलंबून असलेली पत्नी म्हणून देशात असलेल्या व्यक्तीला परीक्षेसाठी त्याची गरज नाही. शिवाय ते ५ वर्षांपुरतेच वैध असते आणि त्यातील एक घटक एनक्लेक्स उत्तीर्ण होऊनही पूर्ण होतो, त्यामुळे आज ते घेऊन ठेवण्यात काहीच हशील नाही. तुम्हाला आत्ता हवा आहे तो फक्त परवान्यासाठीचा मूल्यमापन अहवाल, आणि तोही निवडलेल्या बोर्डाला जो प्रकार मान्य आहे तोच. न्यूयॉर्कसाठी सीजीएफएनएसची सीव्हीएस नावाची वेगळी सेवा आहे. तिच्याऐवजी सीईएस मागवला, तर पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात.

सोशल सिक्युरिटी क्रमांकाबाबत राज्यांचे सरळ दोन गट पडतात. काही बोर्डे तो नसतानाही परीक्षेला बसू देतात आणि परवाना मात्र क्रमांक आल्यावर देतात. काही बोर्डे अर्जातच तो मागतात. कॅलिफोर्नियाचे बोर्ड त्याऐवजी आयटीआयएन, म्हणजे करदात्याचा वैयक्तिक क्रमांक, स्वीकारते आणि पतीबरोबर संयुक्त करविवरण भरणाऱ्या एच-४ धारकाला तो काढता येतो. तेव्हा न्यूयॉर्क हा एकच मार्ग आहे, हे मैत्रिणीचे म्हणणे बरोबर नाही. टेक्सासच्या बोर्डाला थेट लिहून विचारा की, क्रमांक नसताना परीक्षेची पात्रता देता का. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

माझे मत विचाराल तर, ज्या राज्यात पुढे काम करण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे तिथूनच अर्ज करावा. टेक्सास हे राज्य नर्स लायसन्शर कॉम्पॅक्टमध्ये आहे. या करारातील ४० हून अधिक राज्यांपैकी एखाद्यात कायमचे वास्तव्य असेल आणि कराराच्या सर्व अटी पूर्ण होत असतील, तर एकाच परवान्यावर बाकीच्या राज्यांतही काम करता येते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया त्यात नाहीत. मात्र बहुराज्य परवान्याच्या अटींमध्ये सोशल सिक्युरिटी क्रमांक येतो, स्वतंत्र संस्थेकडून झालेली शिक्षणाची पडताळणी येते, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी येते, आणि शिक्षण इंग्रजीतून झाले नसेल किंवा इंग्रजी मातृभाषा नसेल तर इंग्रजीची परीक्षाही येते. शिक्षण इंग्रजीतूनच झाले आहे, असे सांगून आपल्यापैकी अनेक जण ही परीक्षा पुढे ढकलतात आणि नंतर तीच आडवी येते. आयईएलटीएस किंवा टोफेलचे गुण २ वर्षांपुरतेच धरले जातात, त्यामुळे ती अगदी आधीही देऊ नका. मूल्यमापन अहवाल मार्गी लागला की द्या.


उत्तर – दप्तरखाना

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु राज्य निवडण्याइतकाच वेळ कागदपत्रांचा विचार करण्यात घालवावा, असे मला वाटते. हा सगळा अर्ज म्हणजे एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला थेट पाठवायच्या कागदांचा प्रवास आहे आणि त्यात आपली भूमिका बहुतेक वेळा पाठपुरावा करणाऱ्याची असते. तुमच्या हातातील गुणपत्रिका कितीही साक्षांकित केल्या, तरी मूल्यमापन संस्था त्या स्वीकारत नाही. ट्रान्स्क्रिप्ट महाविद्यालयाकडून किंवा विद्यापीठाकडून परस्पर गेले पाहिजे आणि नोंदणीची पडताळणी परिचर्या परिषदेकडून परस्पर गेली पाहिजे.

इथे पहिली अडचण तासांची येते. आपल्या गुणपत्रिकेत विषय आणि गुण असतात; प्रत्येक विषयाचे वर्गातील तास किती आणि प्रत्यक्ष रुग्णालयातील तास किती, हे त्यात नसते. अमेरिकन बोर्डांना नेमके तेच हवे असते, आणि तेही प्रौढांची वैद्यकीय परिचर्या, शल्य परिचर्या, माता व नवजात बालक परिचर्या, बालरुग्ण परिचर्या आणि मानसोपचार परिचर्या अशा शाखांनुसार वेगळे काढलेले. म्हणून महाविद्यालयाला नुसते ‘ट्रान्स्क्रिप्ट द्या’ असे सांगून थांबू नका. संस्थेचा नमुना डाउनलोड करून, तुमच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेल्या अभ्यासक्रमाची प्रत सोबत जोडून, कोणत्या रकान्यात कोणती माहिती भरायची आहे हे कार्यालयातील व्यक्तीला समजावून सांगा. अभ्यासक्रम मध्यंतरी बदललेला असल्यास नव्या अभ्यासक्रमाचे तास चुकून लिहिले जातात, आणि मग ट्रान्स्क्रिप्ट व गुणपत्रिका यांतील विषयच जुळत नाहीत. तुम्ही अमेरिकेत आहात, त्यामुळे ज्या व्यक्तीला महाविद्यालयात प्रत्यक्ष जाता येईल अशा कोणाला तरी लेखी अधिकारपत्र देऊन ठेवा. दूरध्वनीवर हे काम हलत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

दुसरी गोष्ट आखाती देशातील नोकरीची. तिथे तुम्हाला परवाना मिळाला होता, तर तो लपवू नका आणि संपला आहे म्हणून वगळूही नका. तुम्ही आजवर जिथे जिथे परिचारिका म्हणून नोंदणीकृत होता, त्या प्रत्येक परवान्याची पडताळणी मागितली जाऊ शकते आणि पुढे व्हिसास्क्रीनची वेळ आली तर ती मागितली जातेच. जुना परवाना संपलेला असला, तरी तो देणारी संस्था त्याची स्थिती कळवू शकते. भारतातील नोंदणीचे नूतनीकरण राहिले असेल, तर पडताळणीचा अर्ज करण्यापूर्वी ते करून घ्या.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत नाजूक गोष्ट नावाची आहे. पदवीवर एक आडनाव आणि पासपोर्टवर दुसरे, एवढाच हा घोळ नसतो. आपल्या गुणपत्रिकांवर अनेकदा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर स्वतःचे व वडिलांचे किंवा पतीचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असते. अमेरिकन संगणकाला यातून तीन निरनिराळ्या व्यक्ती दिसू शकतात. तेव्हा बोर्ड, मूल्यमापन संस्था आणि पिअर्सन व्ह्यू या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने नाव लिहा आणि पूर्वीचे नाव विचारणाऱ्या रकान्यात माहेरचे पूर्ण नाव द्या. दोन्ही नावांना जोडणारा पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते; त्यात लग्नापूर्वीचे व नंतरचे अशी दोन्ही नावे स्पष्ट नसतील, तर नावबदलाची राजपत्रातील सूचना उपयोगी पडते. परीक्षाकेंद्रावर ओळखपत्रावरील नाव आणि नोंदणीतील नाव जुळले नाही, तर आत सोडत नाहीत आणि शुल्कही परत मिळत नाही. त्या दिवशी विवाह प्रमाणपत्र दाखवून काही उपयोग होत नाही, कारण केंद्रावरील कर्मचाऱ्याला नाव दुरुस्त करण्याचा अधिकारच नसतो.

सल्लागार संस्थेविषयी थोडक्यात सांगतो. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत. या प्रक्रियेत तिसऱ्या व्यक्तीने ती बाळगण्याचे एकही कारण नाही. ईमेल पत्ता आणि पासवर्ड तुमचेच असले पाहिजेत, कारण बोर्डाच्या त्रुटीपत्रापासून एटीटीपर्यंत सर्व काही त्याच पत्त्यावर येते. माझ्या परिचयातील एका परिचारिकेचे एटीटी सल्लागाराच्या ईमेलमध्ये पडून राहिले आणि मुदत संपल्यावर तिला पुन्हा पूर्ण शुल्क भरावे लागले. अर्ज भरायला कोणाची मदत घेण्यात गैर काही नाही, पण खाते उघडताना कळफलकावर बोटे तुमचीच असावीत.


उत्तर – ब्रदर_वॉर्ड

ताईंचा प्रश्न बी.एस्सी.चा आहे, पण जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) झालेले आणि विशेषतः पुरुष परिचारक हे वाचत असतील, म्हणून लिहितो. जीएनएम पदविका आहे म्हणून दार बंद आहे, असे मुळीच नाही. परिचर्येचे सामान्य शिक्षण आणि पहिल्या स्तरावरील परिचारिका म्हणून नोंदणी असेल, तर अनेक राज्ये जीएनएमच्या आधारे आरएनच्या परीक्षेला बसू देतात. एएनएमच्या (सहायक परिचारिका व सुईण अभ्यासक्रमाच्या) आधारे मात्र आरएनसाठी अर्ज होत नाही.

माझ्या पिढीतील पुरुष विद्यार्थ्यांना जीएनएममध्ये प्रसूतिशास्त्राऐवजी दुसरा विषय दिला जात असे. मूल्यमापन अहवालात तेवढीच जागा रिकामी दिसते आणि माता व नवजात बालक परिचर्येचे तास अपुरे असल्याचा शेरा येतो. त्यावर वाद घालून उपयोग होत नाही. ज्या शाखेत कमतरता आहे तिचे वर्गातील व प्रत्यक्ष कामाचे तास मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण करावे लागतात, आणि तेही बोर्डाला आधी विचारून, कारण कोणत्या संस्थेचा अभ्यासक्रम चालेल हे बोर्डच सांगते. अनुभवाची कितीही वर्षे दाखवली तरी शिक्षणातील रिकामी जागा त्याने भरत नाही.

कॅलिफोर्नियाचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. ते बोर्ड परदेशी शिक्षणाची छाननी स्वतः करते आणि एखाद्या विषयाचा वर्गातील भाग व त्याचे प्रत्यक्ष काम एकाच काळात झाले होते का, हेही तपासते. एका वर्षी विषय शिकून त्याची रुग्णालयातील पाळी दुसऱ्या वर्षी केली असेल, तर तास पूर्ण असूनही अर्ज अडकू शकतो. आयटीआयएन चालतो एवढ्यावरून तिकडे वळण्यापूर्वी आपल्या तुकडीचे वेळापत्रक आठवून पाहा.


प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – अतिदक्षता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिसास्क्रीनचा विषय मी डोक्यातून काढून टाकला आहे आणि सल्लागार संस्थेला नकार कळवला आहे. आखाती देशातील परवान्याचा मी विचारच केला नव्हता. तिथल्या संस्थेला आजच ईमेल पाठवते.

दोन शंका राहिल्या आहेत. पतीचे काम पुढील वर्षी दुसऱ्या राज्यात जाण्याची शक्यता आहे. तसे झाले तर टेक्सासमधून दिलेली परीक्षा फुकट जाईल का? आणि पिअर्सन व्ह्यूची नोंदणी कधी करावी, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.


उत्तर – टिपणवही

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिथे घड्याळ चालू असते. पिअर्सन व्ह्यूकडे पैसे भरल्यावर ती नोंदणी ३६५ दिवस खुली राहते आणि तेवढ्या काळात बोर्डाने तुम्हाला पात्र ठरवले नाही, तर ती रद्द होते व पैसे परत मिळत नाहीत. परदेशात शिकलेल्यांच्या बाबतीत ट्रान्स्क्रिप्ट यायला, मग अहवाल तयार व्हायला, मग बोर्डाने तो वाचायला, असा वेळ जात जात वर्ष सरकन निघून जाते. म्हणून मूल्यमापन अहवाल बोर्डाकडे पोहोचल्याची खात्री झाल्यावरच नोंदणी करावी. ‘नोंदणी आधी केली की काम लवकर होते’ हा समज सर्वत्र पसरलेला आहे. बोर्ड तुमच्या नोंदणीची तारीख पाहून छाननी करत नाही.

एटीटी आल्यावर दुसरे घड्याळ सुरू होते. त्याची मुदत राज्यागणिक ६० ते ३६५ दिवसांपर्यंत असू शकते आणि सरासरी ९० दिवस धरली जाते. ती वाढवून मिळत नाही. मुदतीत परीक्षा दिली नाही, तर नव्याने नोंदणी आणि नव्याने शुल्क. त्यामुळे एटीटी आल्यावर अभ्यास सुरू करणे धोक्याचे आहे. कागदपत्रे फिरत असतानाच्या महिन्यांत मुख्य अभ्यास उरकलेला असावा आणि एटीटीचा काळ सरावासाठी राहावा. ईमेल येताच त्याच दिवशी तारीख निश्चित करा, कारण जवळच्या केंद्रावरील जागा भराभर जातात. तारीख बदलायची झाल्यास ती किमान २४ तास आधी बदलावी लागते.

पहिल्या शंकेचे उत्तर असे की, परीक्षा फुकट जाणार नाही. एनक्लेक्स एकदा उत्तीर्ण झालात की दुसऱ्या राज्यासाठी ती पुन्हा द्यावी लागत नाही. त्या राज्याकडे एन्डॉर्समेंटने, म्हणजे आधीच्या परवान्याच्या आधारावर, अर्ज करायचा असतो. मात्र एन्डॉर्समेंटसाठी हातात परवाना असावा लागतो, नुसता उत्तीर्ण झाल्याचा निकाल सहसा पुरत नाही. आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाअभावी टेक्सासचा परवाना अडून राहिला, तर एन्डॉर्समेंटही तोवर थांबेल. नवे राज्य शिक्षणाचे मूल्यमापन पुन्हा मागू शकते, म्हणून पहिला अहवाल घेतानाच तो दुसऱ्या बोर्डाकडे पाठवण्याची सोय काय आहे, हे संस्थेला विचारून ठेवा. टेक्सासमध्ये परवान्यापूर्वी त्या राज्याच्या परिचर्याविषयक कायद्यावरची एक स्वतंत्र ऑनलाइन परीक्षा आणि बोटांचे ठसे हेही लागते. ही कामे किरकोळ वाटतात आणि म्हणूनच शेवटी तीच बाकी राहतात.

परीक्षेविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडे सांगते, कारण अतिदक्षता विभागातून आलेल्या अनुभवी परिचारिका तिथेच फसतात. १ एप्रिल २०२३ पासून नव्या स्वरूपाची एनक्लेक्स सुरू आहे. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, एकूण वेळ ५ तास. प्रत्येक उत्तरानंतर संगणक पुढचा प्रश्न तुमच्या क्षमतेनुसार निवडतो आणि मागे जाता येत नाही. तुम्ही उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहात किंवा खाली आहात, याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. ८५ प्रश्नांवर थांबली म्हणजे उत्तीर्ण, असे म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. रेषेच्या बरेच खाली असलेल्यांचीही ती तिथेच थांबते. गुण मोजल्या जाणाऱ्या ३ प्रकरणांवर प्रत्येकी ६ प्रश्न येतात आणि त्यांत रुग्णाच्या नोंदींतून महत्त्वाची चिन्हे ओळखण्यापासून उपचाराचा परिणाम तपासण्यापर्यंतचा विचार पायरीपायरीने करावा लागतो.

आपल्याला अवघड जातो तो भाग औषधांचा किंवा व्हेंटिलेटरचा नसून व्यवस्थापनाचा असतो. परिचर्येचे व्यवस्थापन या भागाला १५ ते २१ टक्के वाटा आहे आणि सर्व भागांमध्ये तो सर्वांत मोठा आहे. कोणते काम आरएनने स्वतः करायचे, कोणते एलपीएनला (आरएनच्या खालच्या स्तरावरील परवानाधारक परिचारिकेला) द्यायचे, कोणते सहायकाला द्यायचे, चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जायचे, डॉक्टरांना केव्हा कळवायचे आणि त्याआधी स्वतः काय करायचे, असे ते प्रश्न असतात. आपण जिथे काम केले तिथे बऱ्याचदा डॉक्टरांच्या आदेशाची वाट पाहण्याची सवय लागलेली असते. परीक्षेत आधी स्वतः काय तपासणार, हे विचारलेले असते. औषधांची नावे अमेरिकन पद्धतीने येतात: पॅरासिटामॉलऐवजी अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलऐवजी अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनालीनऐवजी एपिनेफ्रिन, पेथिडीनऐवजी मेपेरिडीन. ही यादी फार मोठी नाही. पहिल्याच आठवड्यात पाठ करून टाकावी.

अनेक पर्याय निवडायच्या प्रश्नांना आता अंशतः गुण मिळतात, पण अशा प्रश्नांत चुकीचा पर्याय निवडल्यास मिळालेला गुण कापला जातो. म्हणून सगळेच पर्याय निवडून ठेवण्याची युक्ती चालत नाही.


उत्तर – दप्तरखाना

एन्डॉर्समेंटचा मुद्दा वर आला आहेच, म्हणून एका मतभेदाची नोंद करतो. पुढच्या वर्षी राज्य बदलणे जवळजवळ निश्चित असेल आणि नवे राज्य कोणते हे ठाऊक असेल, तर टेक्सासचा अर्ज करूच नये, असे माझे मत आहे. अर्ज त्याच राज्यात करावा. दोनदा शुल्क, दोनदा ठसे आणि दोनदा पडताळणी कशासाठी? नवे राज्य ठाऊक नसेल, तर मात्र रातपाळी यांचा सल्ला बरोबर आहे.

न्यूयॉर्कलाही सरसकट नाकारू नये. तिथला परवाना एकदा मिळाला की रद्द होईपर्यंत कायम राहतो आणि दर ३ वर्षांनी फक्त नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. संसर्ग नियंत्रण आणि बालकांवरील अत्याचारांची माहिती देण्याविषयीचे छोटे अभ्यासक्रम तिथे आधी पूर्ण करावे लागतात. ज्यांना राज्याविषयी काहीच निश्चित सांगता येत नाही, त्यांच्यापैकी अनेक जण ते राज्य निवडतात ते यामुळेच. पण कॉम्पॅक्टचा लाभ तिथे मिळत नाही, हे गृहीत धरून.


उत्तर – रातपाळी

दप्तरखाना यांच्याशी या बाबतीत मी सहमत आहे. राज्य बदलणार हे नक्की असेल तर थांबणे शहाणपणाचे. थांबलात तरी ट्रान्स्क्रिप्ट आणि परिषदेच्या पडताळणीची चौकशी मात्र आजच सुरू करा, कारण ती कोणत्याही राज्यासाठी लागणारच आहे. नमुने संस्थेनुसार बदलतात, महाविद्यालयाने तासांची नोंद काढून देण्याचे काम मात्र तेच राहते.

ईएडीविषयी एवढेच की, २०१५ पासून पतीचा आय-१४० अर्ज (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला) मंजूर झालेला असल्यास एच-४ धारकाला तो मागता येतो. त्याची स्थिती पतीच्या कंपनीकडून समजून घ्या, कारण सोशल सिक्युरिटी क्रमांक केव्हा येईल याचा अंदाज त्यावरून बांधता येईल, आणि तो येण्याआधी परवाना देणारे राज्य हवे की केवळ परीक्षेला बसू देणारे पुरेल, हेही तेव्हाच ठरेल. परिचारिका म्हणून स्वतःच्या नावाने ग्रीन कार्डचा विचार करत असाल, तर परिचारिकांना श्रम खात्याच्या नेहमीच्या लांबलचक प्रमाणनातून सूट आहे. परंतु भारतात जन्मलेल्यांची ईबी-३ ची (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या तिसऱ्या गटाची) रांग दहा वर्षांहून लांब आहे. तो निर्णय परीक्षेपासून वेगळा ठेवा. एनक्लेक्सचा निकाल त्या रांगेत शिळा होत नाही, व्हिसास्क्रीन मात्र होते.

परीक्षेनंतर अधिकृत निकाल बोर्डाकडूनच येतो आणि त्याला ६ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. काही राज्यांच्या उमेदवारांना कामकाजाच्या २ दिवसांनंतर ७.९५ डॉलर भरून अनधिकृत निकाल पाहता येतो. अनुत्तीर्ण झाल्यास साधारणपणे ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते. मात्र एकूण किती वेळा आणि किती वर्षांत, यावर काही राज्यांनी स्वतःच्या मर्यादा घातल्या आहेत. टेक्सासच्या बोर्डाला पत्र लिहिताना सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या प्रश्नासोबत हाही एक प्रश्न विचारून घ्या.